छोटं कार्टून हसवतं कशामुळे? पहिलंच ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

माझं पहिलं ॲनिमेशन ४० सेकंदांचं होतं. एक बोका धावतो, उडी मारतो, घसरतो, पडतो, पुन्हा उठून धावतो. तीन आठवडे रोज रात्री बसून मी त्याची चित्रं काढली. ज्यांना दाखवलं ते सगळे "छान झालंय" म्हणाले, पण हसलं कुणीच नाही. चित्रं वाईट नव्हती, हालचालही बऱ्यापैकी सफाईदार होती. तरी बोका निर्जीव वाटत होता आणि त्याचं कारण मला सापडत नव्हतं.

पुढे कधीतरी मी तीच फाईल उघडली. घसरल्यावर आणि पडायच्या आधी बोक्याला पाऊण सेकंद नुसता हवेत थांबवला, आणि त्या थांब्यात त्याचे डोळे खाली नेऊन परत समोर आणले. बाकी एका चित्रालाही हात लावला नाही. या वेळी माझी पुतणी खुदकन हसली. आणि हसली ती पडण्याला नव्हे, त्या डोळ्यांना.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून काम करतो: पात्राच्या डोक्यात आत्ता काय चाललंय हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. विन्सर मॅके यांनी १९१४ साली हातानं काढलेली डायनासोरची मादी लोकांना भावली, ती नुसती चालत होती म्हणून नव्हे. मॅके तिला रागावले की ती रडायला लागायची, म्हणून. खाली जे सांगतोय ते सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी जवळ काय हवं

- चित्र काढायला साधन: ड्रॉइंग टॅब्लेट असेल तर उत्तम. नसेल तर फोन आणि स्टायलस. तेही नसेल तर कागदांचा गठ्ठा, पेन्सिल आणि फोनचा कॅमेरा.
- सॉफ्टवेअर: क्रिता, पेन्सिल२डी, ओपनटून्झ, ब्लेंडरमधलं ग्रीज पेन्सिल. चारही फुकट आहेत. अगदी नवखे असाल तर पेन्सिल२डी घ्या, कारण त्यात गोंधळायला जागाच कमी आहे. ओपनटून्झ २०१६ पासून मुक्त झालं. ताकदीचं आहे, पण पहिल्या आठवड्यात ते डोकं खातं.
- आवाजासाठी ऑडॅसिटी आणि फोनचा रेकॉर्डर.
- स्टॉपवॉच. हे विसरू नका, रोज लागतं.
- तोंड बघायला छोटा आरसा.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, त्यात दोन गोष्टी आहेत का ते बघा: मागचं-पुढचं चित्र पुसट दाखवणारं ऑनियन स्किन, आणि टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, आवाज टाकायची सोय. बाकीच्या सुविधांवाचून पहिल्या दोन-तीन फिल्मांचं काही अडत नाही.

१. गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे

उदाहरण म्हणून पुढे सगळीकडे हा प्रसंग वापरतो: बोक्याला पेटी बंद करायची आहे, झाकण काही केल्या बसत नाही, आणि शेवटी बसतं तेव्हा त्याचीच शेपटी आत अडकलेली असते.

यात कुणाला काहीतरी हवं आहे, ते मिळत नाही, आणि मिळतं तेव्हा भलतंच होऊन बसतं. एवढं पुरतं. तुमच्या गोष्टीला "मग असं होतं, मग तसं होतं" असे चार-पाच 'मग' लागत असतील तर ती कापा.

लांबी १५ ते २० सेकंद धरा. सेकंदाला १२ चित्रं धरली तर २० सेकंदांना २४० चित्रं होतात. नवी मंडळी उत्साहात तीन मिनिटांची फिल्म ठरवतात. तीन मिनिटांना २,१६० चित्रं लागतात आणि ती फिल्म बहुतेक वेळा शंभराव्या चित्राशी थांबते.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवा: गडबड आधी कुणाला कळणार, बघणाऱ्याला की पात्राला? पेटीच्या प्रसंगात दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी शेपटी हळूच पेटीच्या कडेवरून आत पडते. बोक्याला ते कळत नाही, पण आपल्याला दिसतं. म्हणजे तिसऱ्यांदा झाकण बसतं तेव्हा बघणारा श्वास रोखून वाट बघत असतो की याच्या कधी लक्षात येणार. या वाट बघण्यातच अर्धी मजा आहे. म्हणून शेपटी चौकटीत स्पष्ट दिसेल अशीच जागा निवडा. बोक्याचं अंग किंवा पेटी तिच्या आड येता कामा नये.

दाबलेलं झाकण परत उघडण्याची गंमत दोनदा पुरे, तिसऱ्यांदा गोष्ट फिरली पाहिजे. दुसरा प्रयत्न पहिल्याच्या निम्म्या वेळात उरका, कारण काय होणार ते बघणाऱ्याला आता ठाऊक आहे.

२. पात्र असं करा की दोनशे वेळा काढता येईल

अंगावरचा प्रत्येक पट्टा तुम्हाला प्रत्येक चित्रात काढायचा आहे. म्हणून पट्टे, बटणं, नक्षी नको. मोठे डोळे, चेहऱ्यापासून सुट्या भुवया, आणि मनातलं बोलून दाखवणारा एखादा अवयव हवा: कान, शेपटी, शेंडी, काहीही. समोरून, बाजूनं आणि थोडं वळून असं तीनदा एका कागदावर काढा आणि तो कागद कायम समोर ठेवा. नाहीतर शेवटपर्यंत बोक्याचं डोकं हळूहळू मोठं होत जातं आणि तुमच्या ते लक्षातही येत नाही.

३. आधी स्वतः करून बघा

दार लावून घ्या, फोन समोर ठेवा आणि खरंच पेटी बंद करून बघा. चार-पाच वेळा. पहिल्यांदा आपण सगळेच नाटकी करतो. तिसऱ्या-चौथ्यांदा काहीतरी खरं निघतं. झाकण बसल्यावर आपण लगेच हात काढत नाही, क्षणभर तसेच दाबून उभे राहतो, हे मला असंच सापडलं. ते डोक्यातून कधीच सुचलं नसतं.

मात्र तो व्हिडिओ फ्रेमवर फ्रेम ठेवून गिरवू नका (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र). हा मोठा सापळा आहे. गिरवलेली हालचाल मऊ आणि पातळ दिसते, कारण कॅमेरा महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं सारख्याच निष्ठेनं टिपतो. व्हिडिओतून दोनच गोष्टी घ्या: कल्पना आणि वेळ. स्टॉपवॉचनं मोजा आणि आकडे लिहून ठेवा. मग पोस्टाच्या तिकिटाएवढी छोटी रेखाटनं करा, एकेका क्षणाची पाच-सहा, आणि त्यातलं एक निवडा.

४. ॲनिमॅटिक करा, आणि इथेच कठोर व्हा

ॲनिमॅटिक म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा. निवडलेली रेखाटनं टाइमलाइनवर मोजलेल्या वेळाप्रमाणे लावा. "धाड", "खट्" असे आवाज तोंडानंच काढून रेकॉर्ड करा आणि खाली जोडा. सेकंदाला २४ फ्रेम हा वेग याच टप्प्यावर पक्का करा (एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणून चित्रं १२च). नंतर बदललात तर सगळं टायमिंग विस्कटतं.

दहा-बारा ओबडधोबड चित्रांत गंमत आली नाही, तर दोनशे सुबक चित्रांतही येत नाही. ही पायरी गाळून मी दोन फिल्मा वाया घालवल्या आहेत. तुम्ही गाळू नका.

५. मुख्य पोझ: काळं करून बघा

आता मोठ्या आकारात फक्त मुख्य पोझ काढा. प्रत्येक पोझ आतून पूर्ण काळी भरा. नुसत्या बाह्यरेषेवरून काय चाललंय ते कळतं का? बोक्याचे पंजे पोटासमोर असतील तर काळं केल्यावर ते गायब होतात. पंजे अंगापासून बाहेर काढा, बोका थोडा बाजूला वळवा, की लगेच वाचता येतं.

मग प्रत्येक पोझमधून डोक्यापासून पायापर्यंत जाणारी एक रेषा मनात काढा. झाकण दाबायच्या आधी ती मागे वाकलेली कमान हवी आणि दाबताना नेमकी उलटी, पुढे वाकलेली. ही कमान उलटते त्यातच जोर दिसतो. दोन्ही पोझमध्ये कणा सरळच असेल तर मध्ये कितीही चित्रं घाला, दाबल्यासारखं वाटणार नाही.

भाव चेहऱ्यावर ढकलून मोकळं होऊ नका. चेहरा पुसून टाका आणि बघा: नुसत्या धडावरून बोका थकलाय की खूश आहे हे कळतं का? यासाठी ॲनिमेटर पूर्वीपासून एक सराव करत आले आहेत, पिठाच्या अर्ध्या भरलेल्या पोत्याचा. पोत्याला डोळे नाहीत, तोंड नाही, चार कोपरे तेवढे आहेत. ते पोतं रुसलेलं, घाबरलेलं, तोऱ्यात चाललेलं असं काढायचं. आठवडाभर रोज दहा पोती काढा. महिनाभर चेहरे गिरवण्यापेक्षा जास्त हाती लागेल.

अतिशयोक्ती हवीच, पण प्रत्येक पोझ टोकाची केली तर कुठलीच उठून दिसत नाही. मोठ्या क्षणाच्या आधीचा क्षण मुद्दाम लहान ठेवा.

६. टायमिंग

२४ फ्रेमच्या हिशेबात एक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. फार वेगवान हालचालीला एकेका फ्रेमला एक चित्र. मी टेबलावर चिकटवून ठेवलेले आकडे असे:

- साधं पाऊल: १२ फ्रेम
- धावताना एक पाऊल: ६ ते ८
- थकलेलं पाऊल: १६ ते २०
- पापणी मिटून उघडणं: ६ ते ८
- ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून वस्तू जमिनीवर पडणं: ९
- पोझ डोळ्यांत भरायला कमीत कमी थांबा: ८

यातला एकही आकडा कायदा नाही, पण सुरुवात इथून करा.

आकडा बदलला की अर्थच बदलतो. बोक्याचा पंजा झाकणाकडे ४ फ्रेममध्ये गेला तर तो झडप घालतो. तीच चित्रं ४० फ्रेमवर पसरली तर तो झाकणाला घाबरतोय. चित्रात काहीच वेगळं नाही, नुसती वेळ वेगळी.

विनोदाला लागणारी लय बहुतेक वेळा अशी असते: सावकाश तयारी, झटकन कृती, मग थांबा. दाबण्याआधी बोका मागे वाकतो, श्वास भरतो, पंजे उंच नेतो: २० फ्रेम. झाकणावर कोसळतो: ३ फ्रेम. आणि मग शांतता. तयारी नीट दाखवली असेल तर कृती कितीही वेगवान चालते, कारण डोळा आधीच योग्य जागी पोचलेला असतो.

नवख्यांच्या फिल्मांत सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे सगळ्या हालचाली एकाच गतीच्या असणं. हात उचलायला १२ फ्रेम, वळायला १२, हसायला १२. सॉफ्टवेअरकडून मधल्या जागा आपोआप भरून घेतल्या की हे हमखास होतं. बोका पाण्यात तरंगतोय असं वाटायला लागतं.

७. एक प्रसंग फ्रेम-फ्रेमनं

तिसरा प्रयत्न. झाकण नुकतंच बसलंय.

- १ ते २०: दोन्ही पंजे झाकणावर, मान खांद्यांत ओढलेली, डोळे घट्ट मिटलेले. काहीही हलत नाही. झाकण पुन्हा उडणार अशी त्याची खात्री आहे.
- २१ ते २६: एकच डोळा उघडतो.
- २७ ते ३६: बुबुळ झाकणाच्या डाव्या टोकाकडे. सरकायला २ फ्रेम, उरलेले ८ थांबा.
- ३७ ते ४६: तसंच उजव्या टोकाकडे.
- ४७ ते ५८: एक पंजा उचलतो, मग दुसरा.
- ५९ ते ७०: छाती फुगते, भुवया चढतात. जिंकलो!
- ७१ ते ७४: वळतो.
- ७५ ते ९८: दोन पावलं, दिमाखात. दुसऱ्या पावलाला शेपटी दोरीसारखी ताणलेली.
- ९९ ते १०१: अंग पुढे, शेपटी मागे, बोका रबरासारखा लांब.
- १०२ ते १२१: थांबा. एक पाय हवेत, चेहऱ्यावर अजून तेच समाधान. मध्ये फक्त एकदा पापणी मिटते.
- १२२ ते १२५: एक कान पडतो.
- १२६ ते १३२: डोळे, फक्त डोळे, मागे वळतात. प्रसंग संपला.

१३२ फ्रेम, म्हणजे साडेपाच सेकंद. चित्रं साधारण ४५ लागली. प्रत्येक दोन फ्रेमला नवं चित्र काढलं असतं तर ६६ लागली असती. म्हणजे थांब्यांमुळे मेहनतही वाचली.

१०२ ते १२१ बघा. हसू इथे येतं, आणि इथे बोका काहीच करत नाही. अंगाला झटका बसलाय, पण बातमी अजून डोक्यापर्यंत पोचलेली नाही. ती पोचते तेव्हाही आधी कान हलतो, मग डोळे. अवयव असे एकामागून एक हलले की विचार आतून बाहेर येताना दिसतो. याच जागी बोक्याला किंचाळायला लावलं, त्याचे डोळे बाहेर काढले, शेपटी धरून नाचवलं, तर बघणाऱ्यानं करायचं काम तुम्हीच करून टाकलं. मी आधी तसंच केलं होतं. ३० चित्रं काढली होती आणि ती सगळी पुसली.

लांब थांब्याची एक अडचण असते: सेकंदापेक्षा जास्त वेळ चित्र पूर्ण गोठलं की फिल्म अडकली असं वाटतं. म्हणून पापणी, किंवा छातीचा हलका श्वास, काहीतरी जिवंत ठेवा.

८. मधली चित्रं

इथे नियमांचा ढीग आहे. डिस्नेच्या स्टुडिओतल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली मांडलेली १२ तत्त्वं सगळीकडे शिकवली जातात आणि तुम्हीही ती कधीतरी नीट वाचा. पहिल्या फिल्मसाठी एवढं सांभाळा:

दबणं आणि ताणणं करताना आकारमान तेवढंच ठेवा. बोका दबला की रुंद झाला पाहिजे, नाहीतर तो लहान झाल्यासारखा दिसतो. सगळ्यात दबलेलं चित्र एक-दोन फ्रेमच असू द्या.

पडणाऱ्या वस्तूचं अंतर दर चित्राला वाढत जातं: १, ३, ५, ७ या प्रमाणात. सारख्या अंतरानं काढली तर ती पडत नाही, उतरते.

कान, शेपटी, मिशा अंगाच्या मागून २ ते ४ फ्रेम उशिरा पोचतात आणि अंग थांबल्यावरही थोड्या हलतात. हात आणि डोकं सरळ रेषेत नेऊ नका, कमानीत न्या.

९. डोळे

मान वळते तेव्हा मध्येच पापणी मिटू द्या. नाहीतर पुतळा फिरवल्यासारखं दिसतं. बुबुळ डोळ्याच्या मधोमध तरंगत ठेवू नका, वरच्या किंवा खालच्या पापणीला टेकू द्या. मधोमध तरंगणारं बुबुळ फक्त धक्का बसल्यावर शोभतं. दोन्ही भुवया सारख्या ठेवायची सवय मोडा: एक वर, एक खाली केली की शंका दिसते.

१०. आवाज

संवाद असेल तर आधी रेकॉर्ड करा आणि मग त्यावर चित्रं काढा. उलटं केलं तर ओठ कधीच जुळत नाहीत. प्रत्येक अक्षराला तोंड बदलायची गरज नाही. 'प', 'ब', 'भ', 'म' ला ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, निदान दोन फ्रेम. 'आ' ला तोंड उघडं, 'ई' ला ताणलेलं, 'उ' आणि 'ओ' ला गोल, 'व' ला खालचा ओठ दातांशी. आरसा इथे लागतो. तोंडाचं चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवलं की डोळ्याला ते बरोबर वाटतं.

"खट्" हा आवाज झाकण टेकतं त्याच फ्रेमवर लावा. आणि थांब्याच्या २० फ्रेममध्ये संगीत बंद करा. फिल्मभर गाणं वाजवत ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यामुळे थांबा थांबा राहत नाही. विनोदाचा म्हणून मिळणारा तयार भोंगा तर अजिबात लावू नका.

११. दाखवताना बोलू नका

रंग भरण्याआधीच, पेन्सिलच्या अवस्थेत, तीन-चार जणांना दाखवा. आधी गोष्ट सांगू नका, "आता बघ हं" म्हणू नका. पडद्याकडे पाहू नका, त्यांच्या चेहऱ्याकडे पहा. कपाळाला आठी पडली तर तिथे काहीतरी वाचता येत नाहीये. नजर चौकटीत भिरभिरली तर लक्ष कुठे द्यायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही. नंतर एकच विचारा: "काय झालं ते सांग बरं." शेपटीचा उल्लेखच आला नाही तर परत पहिल्या पायरीवर जा आणि चौकट बदला.

मग थांबे कमी-जास्त करून पुन्हा दाखवा, जमलं तर नव्या माणसांना. १०२ पासूनचा तो थांबा मी आधी १२ फ्रेमचा ठेवला होता. लोक हसायला सुरुवात करायचे आणि तोवर कान पडून गेलेला असायचा. १६ केला, तरी घाई वाटली. २८ केला तर एकानं फोन अडकला म्हणून हातातच घेतला. २० वर पुतणी हसली, आणि कान पडल्यावर पुन्हा एकदा हसली.